द्राक्षाच्या पानांचं डोहाळजेवण

"आई, मला वरच्या वेलीची पानं पाहिजेत. खायला," असं सून म्हणाली आणि मी हातातली पळी तशीच धरून तिच्या तोंडाकडे बघत राहिले.

पानं? द्राक्षाची? खायला? जबलपुरात, चेरीतालच्या आमच्या घराच्या गच्चीवर यांनी, म्हणजे माझ्या नवऱ्यानं, फॅक्टरीतून रिटायर झाल्यावर हौसेनं एक द्राक्षाची वेल चढवली आहे. तिला द्राक्षं येतात ती इतकी आंबट की पोपटसुद्धा एकदा चोच लावून निघून जातात, दुसऱ्यांदा येत नाहीत. मी दरवर्षी म्हणते, उपटून फेका ती मेली. आणि ही पोरगी म्हणते तिची पानं खायची! माझ्या तोंडून निघूनच गेलं, "अगं, शेळी आहेस का तू?"

ती हसली, पण नुसते ओठ हसले. "आमच्याकडे खातात, आई. आत तांदूळ भरून."

आमच्याकडे म्हणजे बल्गेरियात. आता हा देश नकाशावर कुठे आहे ते आम्हाला तरी कुठे ठाऊक होतं! मुलगा जहाजावर इंजिनिअर. एक दिवस फोन करून म्हणाला, आई, मी लग्न केलं. करणार आहे नाही, केलं. पुढे ती आली, पाया पडली, आणि "आई, तुम्ही काहून रडून राहिल्या?" असं तिनं विचारलं तेव्हा मला रडता रडता हसू फुटलं. मुलाकडून शिकलेली मराठी, त्यामुळे आमचीच, नागपूरकडची. आमच्या गल्लीतल्या मराठी पोरांना येत नाही तेवढी हिला येते, ती पोरं सरळ हिंदीवर उतरतात.

हिवाळ्यात दोघं जबलपूरला आली ती महिनाभरासाठी. आल्यावर कळलं की दिवस गेलेत. मग मध्येच तिला रक्त जायला लागलं, डॉक्टरीणबाईंनी सांगितलं की आता प्रवास नाही, जिना नाही, पडून राहायचं. आधी एकदा तिचं मूल पोटातच गेलं होतं. त्यामुळे कुणाची काही बोलायची छातीच नव्हती. मुलाची जहाजावर जायची वेळ झाली, तो गेला. ठरलं असं की बाळंतपण इथेच, आणि तिची आई तिकडून येणार. विहीणबाईंनी व्हिडिओवर मला लोकरीचे मोजे दाखवले होते. मी त्यांना मेथीचे लाडू दाखवले होते. त्यांना माझं कळेना, मला त्यांचं, आम्ही दोघी नुसत्या माना डोलवत होतो.

आणि मग मुलाचा फोन आला. समुद्रातून. विहीणबाई गेल्या. रात्री झोपल्या त्या सकाळी उठल्याच नाहीत. त्यांच्या मुलानं माझ्या मुलाला कळवलं, माझ्या मुलानं आम्हाला, आणि शेवटी म्हणाला, "आई, तिला सांगू नको. बाळ होईपर्यंत नको."

त्यानं सांगितलं नसतं तरी मी सांगणार नव्हते. आमच्या लोकांत पोटुशी बाईला वाईट बातमी सांगत नाहीत. माझ्या मोठ्या बहिणीला आमचे वडील गेल्याचं तिचं बाळंतपण होईपर्यंत कुणी कळू दिलं नव्हतं. नंतर तिनं घर डोक्यावर घेतलं, ती गोष्ट वेगळी, पण पोरगा धडधाकट झाला ना! आणि इथे तर डॉक्टरीणबाईंनी बजावून ठेवलं होतं, बीपी चढता कामा नये, मनाला धक्का बसता कामा नये. एक मूल गेलेलंच होतं. आता काही झालं असतं तर मी माझ्या मुलाला कोणत्या तोंडानं सांगितलं असतं?

तेव्हा आम्ही खोटं बोलायला लागलो. विहीणबाई घसरून पडल्या, पाय मोडला, म्हणून येणं लांबलं. मी डावा पाय सांगितला. यांनी संध्याकाळी तिची विचारपूस करताना उजवा सांगितला! मी स्वयंपाकघरात यांना धरलं. "एक साधा पाय लक्षात राहत नाही तुमच्या?" हे म्हणाले, "अगं, पाय मोडला तर बाई फोनवर काहून बोलत नाही, हे विचारलं तिनं तर?" म्हणून मग फोन बिघडला. मग दवाखान्यात फोन नेऊ देत नाहीत. तिच्या भावाला मुलानं सगळं पढवून ठेवलं होतं. एकेक खोटं असं लुळंपांगळं, की कुणीही फुंकर मारली असती तर पडलं असतं. पण तिनं फुंकर मारली नाही. "अच्छा," म्हणायची आणि कूस बदलून पडून राहायची. मला वाटायचं, सुटलो बुवा.

खाणं मात्र तिचं तुटलं. वरणभात चिवडायची. चैत्राचं ऊन वाढलं होतं, मी म्हटलं उन्हाळ्यानं होत असेल. म्हणून ज्या दिवशी तिनं स्वतःहून काही मागितलं, त्या दिवशी पहिला धक्का ओसरल्यावर मी आनंदानं वेडी व्हायची बाकी राहिले. डोहाळे! अहो, डोहाळेच की हे! कुणाला माती खावीशी वाटते, कुणाला चिंच, हिला द्राक्षाची पानं. आणि डोहाळे पुरवले नाहीत तर बाळाची लाळ गळते, हे काय मी सांगायला पाहिजे?

"उद्याच करू," मी म्हटलं.

"उद्या नको. शनिवारी." आणि मग, "शेजारच्या बायकांना देऊ? मला हातानं द्यायची आहेत."

घ्या! मी तर टाळीच वाजवली. डोहाळजेवण राहून गेलं होतं, डॉक्टरीणबाईंच्या धाकानं. आता हिनंच विषय काढला. मी तिथल्या तिथे ठरवून टाकलं, शनिवारी हिला हिरवी साडी नेसवायची, हिरवा चुडा भरायचा, ओटी भरायची, खुर्चीवर बसवूनच करायचं सगळं, म्हणजे दगदग नाही. मी बोलत होते आणि ती माझ्याकडे बघत होती. मग म्हणाली, "अच्छा. जसं तुम्ही म्हणाल."

यांना सांगितलं तर यांचा चेहरा उतरला. "अगं, तिच्या माहेरी सुतक, अन् तू डोहाळजेवण करून राहिली?"

"सुतक तेरा दिवसांचं. ते कधीच फिटलं. आणि तिला माहीत आहे का? नाही ना? मग तुम्ही तेवढं तोंड सांभाळा, आणि पानं तोडून आणा."

शुक्रवारी यांना ओमतीच्या बाजारात पिटाळलं, शेपू आणायला. येताना पुदिना आणि लिंबं. शनिवारी सकाळी हे गच्चीवरून परडीभर पानं घेऊन आले, ती तिनं एकेक करून उलटीपालटी बघितली. भोकाचं पान नको, जून नको, तळहाताएवढं कोवळं पाहिजे. अर्धी पानं नापास झाली. हे बिचारे पुन्हा वर गेले.

पानांत सारण भरून गुंडाळायचं, हे काही मला नवीन नाही. धोप्याच्या पानांच्या वड्या करण्यात माझा हात धरणारं कुणी नाही. धोपा म्हणजे अळू, आम्ही त्याला धोपाच म्हणतो. तेव्हा मी आपली सकाळीच चिंच भिजत घातली, बेसन काढून ठेवलं. ती म्हणाली, "हे काहून?"

"घसा खवखवेल ना पानांनी!"

"आई, ही पानं आंबटच असतात. खवखवत नाहीत." बेसन बघून तर ती बघतच राहिली.

मी तिला ओट्यापाशी खुर्ची टाकून दिली, मग तिनं बसल्या बसल्याच पानं मिठाच्या उकळत्या पाण्यात सोडली. हिरवीगार पानं बघता बघता भिजवलेल्या मेंदीच्या रंगाची झाली. मी हळहळले. कांदा तर तिनं एवढा चिरायला लावला की माझ्या डोळ्यांतून धारा लागल्या, तिच्याही लागल्या. दोघी पदरानं डोळे पुसत होतो. तिच्या डोळ्यांचं पाणी काही थांबेना, मी म्हटलं, तू तिकडे तोंड कर, तुला कांदा फार झोंबतो. कांदा तेलात परतून त्यात तिनं तांदूळ टाकले. मी ठेवणीतला, वासाचा चिन्नोर काढून दिला होता. थोडा परतला, शेपू, पुदिना, मीठ, लाल तिखट, आणि गॅस बंद.

"अगं, भात कुठे झाला? कच्चाच आहे तांदूळ!"

"कच्चाच भरायचा."

कच्चा तांदूळ पानात भरायचा! बाई बाई बाई. माझ्या सासूबाई असत्या तर त्यांनी दोघींनाही स्वयंपाकघरातून हाकललं असतं. पण म्हटलं, हिचे डोहाळे, हिची रीत. टेबलाशी बसून दोघी भरायला लागलो. पानाची शिरांची बाजू वर, देठ कापून टाकलेला, चमचाभर सारण, खालून दुमडायचं, दोन्ही बाजूंनी आत घ्यायचं आणि गुंडाळायचं, करंगळीपेक्षा थोडं जाड. मी पटापट करत सुटले. धोप्याच्या वडीसारखी घट्ट, दाबून. तिनं माझी एक उचलली, उलगडली आणि पुन्हा सैल गुंडाळली. "आई, जागा ठेवा. तांदूळ फुगतो ना."

आता मला शिकवते! पण बरोबर होतं तिचं. शिजल्यावर माझ्या तेवढ्या फुटल्या.

पातेल्याच्या तळाशी फाटकी पानं अंथरली, वर गुंडाळ्या दाटीनं लावल्या, वरून ताटली दडपली, लिंबू पिळून पाणी घातलं आणि मंद गॅसवर ठेवलं. तासाभरानं उतरवलं तेव्हा वास छान सुटला होता, खोटं कशाला बोलू. मी सवयीनं सुरी घेतली आणि कढई तापत ठेवली. ती धडपडत उठली. "आई! काय करून राहिल्या?"

"काय म्हणजे? काप करते. तिळाची फोडणी देऊन परतते."

"नाही, नाही, नाही!" तिनं पातेलंच माझ्यासमोरून ओढून घेतलं. एवढा मोठा आवाज तिचा मी कधी ऐकला नव्हता. "असंच. थंड करून द्यायचं."

थंड! डोहाळकरणीनं थंडगार शिळं जेवण वाढायचं! मी म्हटलं, निदान सोबत दही तरी घे. तर म्हणाली, दही आज चालत नाही. दही चालत नाही, तूप चालत नाही, काही चालत नाही. मी म्हटलं, अगं, उपास आहे का? आणि उपास असेल तर तांदूळ कसा चालतो? ती म्हणाली, "हो, तसंच काही," आणि झाकण ठेवलं. तेव्हासुद्धा माझ्या डोक्यात प्रकाश पडला नाही. माझं लक्ष साडीकडे होतं.

दुपारी बायका आल्या. समोरच्या भाभी, त्यांची जाऊ, आणखी दोघी-तिघी. मी तिला हिरवी साडी नेसवली, हिरवा चुडा भरला. मोगऱ्याचा गजरा तिच्या पिंगट केसांत राहीना, तो चाप लावून बसवला. ओटी भरली. भाभींनी दोन वाट्या झाकून ठेवल्या, एकीत पेढा, एकीत बर्फी, आणि म्हणाल्या, "उठाओ बेटा, देखें लड़का कि लड़की." तिनं वाटी उचलली. बर्फी निघाली. सगळ्या ओरडल्या, "लक्ष्मी आ रही है!" ती हसली, सगळ्यांसारखी हसली. मी मनात म्हटलं, विहीणबाई, बघा हो, तुमची लेक आनंदात आहे, आम्ही तिला काही कळू दिलं नाही.

मग ती म्हणाली, "आता मी देते." खुर्चीवर बसूनच तिनं एकेकीला बशी दिली, दोन्ही हातांनी. देताना दर वेळी तिच्या भाषेत काहीतरी पुटपुटत होती. मला वाटलं, घ्या म्हणत असेल. भाभी म्हणाल्या, "थँक्यू बेटा." तिनं मान हलवली. "थँक्यू नहीं बोलते, आंटी."

"तो क्या बोलते हैं?"

तिनं पुढची बशी उचलली. "कुछ नहीं. बस, खा लीजिए."

बायकांनी खाल्लं. कुणाला आवडलं, कुणी तोंड आंबट केलं, भाभींनी चार मागून नेल्या. संध्याकाळच्या आधीच सगळ्या गेल्या. हे गच्चीवर झाडांना पाणी घालायला गेले. मी बश्या गोळा करत होते, खूश होते, गुणगुणत होते म्हटलं तरी चालेल. सहज विचारलं, "का गं, थँक्यू काहून नाही म्हणायचं?"

ती खुर्चीवर तशीच बसली होती, गजरा एका बाजूला लोंबत होता. म्हणाली, "आई, हे माणूस गेल्यावर देतात. चाळिसाव्या दिवशी. त्याला थँक्यू म्हणत नाहीत."

मला ऐकू आलं, पण कळलं नाही. मी म्हटलं, "कोण गेल्यावर?"

"आज माझ्या आईचा दिवस आहे."

मी हातातल्या बश्या टेबलावर ठेवल्या आणि खुर्ची चाचपत बसले. पहिला विचार आला तो बीपीचा, दुसरा आला बाळाचा, आणि मी वेड्यासारखी तिच्या पोटाकडे बघायला लागले. ती म्हणाली, "बाळ ठीक आहे, आई. लाथा मारून राहिलं."

"तुला कुणी सांगितलं? कधी?"

"दुसऱ्याच दिवशी. शाळेतल्या मैत्रिणीचा फोन आला. ती रडत होती. तिला वाटलं, मला माहीत आहे."

दुसऱ्याच दिवशी! म्हणजे मी पाय मोडल्याचं सांगायच्या आधी! म्हणजे डावा पाय, उजवा पाय, बिघडलेला फोन, दवाखाना, हे सगळं तिनं ऐकून घेतलं होतं, आणि दर वेळी अच्छा म्हणाली होती. आणि आज? आज मी काय केलं होतं? आईच्या दिवसावर हिला नवी साडी नेसवली, हातांत चुडा भरला, ओटी भरली, वाटी उचलायला लावली, टाळ्या पिटल्या! आणि मला काय झालं कोण जाणे, मी ओरडले तिच्यावर. "मग बोलायचं नाही? तोंड नव्हतं तुला? एका शब्दानं म्हणाली असती तर मी हा तमाशा केला असता का? मला काय राक्षसीण समजलीस?"

ती घाबरली नाही. माझ्या रागाला ती कधीच घाबरत नाही. हळू म्हणाली, "तुम्ही सगळे माझ्यासाठी खोटं बोलून राहिले होते. तुम्ही डावा पाय, बाबा उजवा. मी रडली असती तर तुम्ही घाबरल्या असत्या. बाळासाठी. तुमचा मुलगा तिकडे समुद्रात, तोही घाबरला असता. म्हणून मी रात्री, उशीत तोंड घालून. आणि आज तुम्ही इतक्या खूश होत्या, आई. एवढ्या दिवसांत पहिल्यांदा."

आम्ही हिला जपत होतो आणि ही आम्हाला. आईविना पोर, परक्या देशात, परक्या भाषेत, आणि रडायचं ते माझी झोप मोडू नये असं. अरे देवा, हे काय करून बसलो आम्ही! आणि तरी सांगते, पुन्हा तशी वेळ आली तर मी बातमी सांगेन की लपवीन, हे मला आजही सांगता येत नाही.

ती खुर्चीच्या हातावर भार देऊन उठली. मी "बस, बस" म्हणेपर्यंत पातेल्यापाशी गेली. तिनं एका ताटात नीट गुंडाळ्या लावल्या, लिंबाची फोड ठेवली आणि दोन्ही हातांनी ताट माझ्यापुढे धरलं. "तुमचं राहिलं, आई."

मी उठून उभी राहिले. पदर सावरला. "घेताना काय म्हणायचं असतं?"

"म्हणायचं, देव हिला क्षमा करो. आणि मग नाव घ्यायचं. जी गेली तिचं."

मी म्हटलं, "देव..." आणि पुढे गेलेच नाही. नाव मला माहीतच नव्हतं. विहीणबाई, हिची आई, तिकडच्या, असंच म्हणत आलो आम्ही. ज्या बाईचं मरण आम्ही एवढं जपून लपवलं, तिचं नाव आमच्या घरात कुणी कधी विचारलंच नव्हतं. माझ्या सासरच्या तीन पिढ्यांची नावं मला पाठ आहेत, पितृपक्षात धडाधड घेते. आणि इथे मी तोंड उघडं ठेवून उभी होते.

"काय गं नाव, तुझ्या आईचं?" मी विचारलं.

तिनं सांगितलं. मी म्हणून पाहिलं, चुकलं. तिनं सावकाश, तोडून तोडून पुन्हा सांगितलं. पुन्हा चुकलं. मग एकदाचं बरोबर जमलं, आणि ते नाव माझ्या तोंडून ऐकताच तिच्या हातांतलं ताट कललं, गुंडाळ्या कडेला घरंगळल्या. मी ताट तिच्या हातांतून काढून घेतलं आणि तिला रडू दिलं.